डाव्या बाजूचा रफू

काकांच्या छातीत पेसमेकर बसवला, तो काड्यापेटीएवढासुद्धा नसेल. पण त्या इवल्याशा मशीनने काकूंची झोप उडवली.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. "लोहचुंबक छातीजवळ आणायचा नाही, निदान हातभर लांब. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. बाकी हिंडा-फिरा, मजेत राहा." यातलं 'मजेत राहा' काकूंच्या कानात शिरलंच नाही. घरी आल्या आल्या, पर्ससुद्धा खाली न ठेवता, त्या तडक फ्रिजपाशी गेल्या. फ्रिजच्या दारावर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला चुंबकाचा पोपट, प्लास्टिकचं कलिंगड आणि नातवाने दिलेलं पिवळं जहाज, तिघांचीही रवानगी कचऱ्याच्या डब्यात झाली. शिवणाच्या डब्यात सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा एक लाल लोहचुंबक होता, घोड्याच्या नालेसारखा. तो घरातल्या कचऱ्यात टाकायचाही त्यांना धीर होईना, म्हणून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन कुंडीत टाकून आल्या. कपाटाचं दार टक्कन बंद व्हावं म्हणून आत एक चुंबक होता, तोही स्क्रू काढून उपटला. तेव्हापासून ते दार उघडंच लोंबकळायचं आणि येता-जाता काकूंच्याच कपाळावर आपटायचं.

काका हे सगळं खुर्चीतून बघत होते. एकदा हसू आलं तेवढं त्यांनी मिशीत दडवलं.

हसणं सोपं असतं. पण पेसमेकर बसवायच्या आधी, त्या दिवशी बाथरूमबाहेरच्या बोळात ते कोसळले, तेव्हा घरात काकूंशिवाय दुसरं कुणी नव्हतं. काका ठार बहिरे. त्यामुळे या घरात हाक मारायची पद्धत वेगळी होती. ज्याला काका हवे असतील त्याने दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करायचं, दिवा लुकलुकला की काका मान वर करायचे. चहा झाला म्हणून काकूंनी त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच बोळातला दिवा लुकलुकवला. काका आले नाहीत. पुन्हा लुकलुकवला. मग चिडून, बडबडत, बटणावरचा सगळा राग काढत लुकलुकवत राहिल्या. चहावर साय धरली तेव्हा फणफणत बाहेर आल्या, तर काका जमिनीवर पडलेले, आणि वर दिवा चालू. आपण किती वेळ त्यांच्या अंगावर तो दिवा लुकलुकवत होतो आणि तोंडाने काय काय बोलत होतो, हे काकूंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही आणि काकांना तर मुळीच नाही.

तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. पहाटे जाग आली की पहिलं काम म्हणजे काकांच्या मनगटावर बोटं. ठोका लागला की श्वास सोडायचा. काका बाथरूममध्ये जरा रेंगाळले, की त्या बाहेर झाडू घेऊन उभ्या, म्हणजे विचारलं तर सांगता यावं की झाडतेय. मिक्सर लावायचा तर आधी काकांना बाहेरच्या खोलीत पिटाळायचं. पेसमेकरला मिक्सरचं वावडं नाही, असं लेकीने फोनवर दहादा सांगितलं. काकू म्हणायच्या, "असेल बाई. पण मशीनलाच ते माहीत नसलं तर?"

काकांचं सगळं आयुष्य लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात गेलं. सभेचे, शाळेचे, सिनेमागृहाचे, घरातले, फाटलेले, बसलेले, घसा धरलेले स्पीकर त्यांच्या दुकानात यायचे आणि खणखणीत होऊन परत जायचे. या उद्योगात जगाला आवाज मिळाले आणि काकांचे कान गेले. कानातलं यंत्र त्यांनी एकदा लावून पाहिलं, "माशी शिरल्यासारखं वाटतं," म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. कान गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता दुकानाला कुलूप. पण काकांनी त्यावर तोड काढली. दुरुस्त केलेला स्पीकर पाठमोरा छातीला लावायचा, त्यात बारीकशी गुणगुण सोडायची, आणि आतली तारेची कॉइल कुठे घासतेय का, हे छातीच्या हाडाने ऐकायचं. कानाने ऐकणाऱ्यालाही चकवील अशी घसर त्यांच्या हाडाला बरोब्बर कळायची.

या ऐकण्याची किंमत शर्ट मोजायचे. काकांचा कुठलाही शर्ट काढा, डाव्या खिशाच्या वर, खांद्याच्या जरा अलीकडे, तो चंद्रकोरीसारखा विरलेला असायचा. काकू संसारभर तिथे रफू करत आल्या होत्या, आणि रफू करता करता टोमणे मारत आल्या होत्या. "जगाचे भोंगे छातीशी धरून ऐकता. बायकोचं तेवढं ऐकायला येत नाही." काकांना ओठ बरे वाचता यायचे. पण हे वाक्य आलं की ते नेमके दुसरीकडे बघत असायचे.

डॉक्टरांनी पेसमेकर बसवला तोही अगदी तिथेच. टाक्यांवरची पट्टी बदलताना काकूंच्या मनात आलं होतं, शर्टाला करायचे तो रफू आता माणसालाच केला की.

पेसमेकरनंतर लेकीच्या आग्रहाने दुकान बंद झालं आणि काका खिडकीपाशी बसायला लागले. सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे, आणि जेवून पुन्हा तिथेच. वर्तमानपत्र मांडीवर, नजर समोरच्या भिंतीच्या पोपड्यांवर. बोलणं मुळात कमी होतं, ते आता हुंकारावर आलं. काकूंना नवीनच धास्ती लागली. मशीन काळीज चालवील, पण माणूस आतून विझला तर त्याला कुठलं मशीन लावायचं? त्यांनी फार विचार केला आणि एका सकाळी स्टूल लावून माळ्यावर चढल्या.

माळ्यावर काकांचा पहिलावहिला स्पीकर होता. लाकडी खोका, पुढे विटक्या कापडाची जाळी. लग्नाआधी स्वतःच्या हाताने बांधलेला. बरीच वर्षं तो घरात गात होता, मग एक दिवस फरफरायला लागला, मग माळ्यावर गेला, आणि दुसऱ्यांचे स्पीकर दुरुस्त करता करता स्वतःच्या स्पीकरला काकांना कधी सवड झाली नाही. काकूंनी तो छातीशी कवटाळून, धापा टाकत, शिंका देत खाली आणला. मरणाचं वजन. टेबलावर ठेवून फडक्याने पुसला आणि काकांसमोर उभ्या राहून ओठ नीट हलवत म्हणाल्या, "हा बरा करा. मला गाणी ऐकायचीत."

काकांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग काकूंकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की काकूंना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटून डोळ्यांत पाणी आलं.

फ्रिजवरचा पोपट ज्या बाईला खुपला, तिने शेरभर वजनाचा लोहचुंबक स्वतःच्या हाताने माळ्यावरून उतरवून नवऱ्यापुढे ठेवला होता. पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. लोहचुंबक म्हणजे लाल, नालेसारखा, शाळेत असतो तो. आणि स्पीकर म्हणजे कागद, तार आणि लाकूड. इतकी वर्षं स्पीकरवाल्याशी संसार केला, पण स्पीकरच्या पोटात काय असतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. सुताराची बायको तरी रंध्याचं पातं कुठे बघायला जाते!

काकांना मात्र ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं.

काम सुरू झालं. खोक्यातून स्पीकर बाहेर काढताना काकांनी काकूंना चहा करायला पाठवलं. त्या कप घेऊन आल्या तेव्हा स्पीकर टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला उपडा पडला होता, आणि काका खुर्ची मागे सारून, हात लांब ताणून, दुरूनच त्याच्याशी झटापट करत होते. स्पीकरच्या पाठीला काळी, जाडजूड, दगडासारखी तबकडी होती. काकूंनी विचारलं, "हा दगड कशाला?" काका म्हणाले, "वजनाला." आणि लगेच खाली बघून स्क्रू मोजायला लागले. ते इतक्या लांबून काम करतात म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं काकूंनी ठरवूनही टाकलं.

कागदी पडद्याभोवतीची फोमची कडा कुजून गेली होती. बोट लावलं की डिंकासारखी चिकटायची आणि काळं सोडायची. ती खरवडायचं काम काकांनी काकूंना दिलं, कारण त्यासाठी फार वाकून बसावं लागतं. काकूंनी कापसाला स्पिरिट लावून, जीभ दातांत धरून, ती तसूतसूने काढली. पडद्यावरची धूळ काकांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने झटकली. मधली कागदी टोपी काकांनी पात्याने अलगद सोडवली, आतल्या कॉइलभोवती फटीत पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे ती मधोमध राहील, आणि मग नवी कडा गोंदाने बसवायला घेतली. "दाब. तिथे नको, इथे. बोटाने नाही, नखाने," असं ते एका दमात इतकं बोलले, की काकूंना मोजके हुंकार ऐकायची सवय झालेली, त्या बघतच राहिल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. सकाळी उठून गॅस पेटवल्यावर आठवलं, आज मनगट बघायचं राहिलंच! आणि गंमत म्हणजे, आठवूनही त्या धावल्या नाहीत.

त्या दुपारी गोंद वाळत होता. काकू टेबलाशी बसून काकांच्या शर्टाला रफू करत होत्या. दाराशी कुणीतरी आलं म्हणून उठल्या, परत आल्या तर सुई नाही. शर्टात नाही, मांडीवर नाही, जमिनीवर नाही. काका घरात अनवाणी फिरतात, पायात घुसली म्हणजे? सगळी खोली त्यांनी झाडून काढली. सुई काही मिळाली नाही. शेवटी काकांना चपला घालायला लावून त्या गप्प बसल्या, पण मनात ती सुई राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाथरूमबाहेरच्या बोळात कपड्यांच्या घड्या करत होत्या. तिथून बाहेरची खोली सरळ दिसायची. काका त्यांच्याकडे अर्धी पाठ करून बसले होते. पट्ट्या काढून झाल्या होत्या. स्पीकरच्या दोन तारा दुकानातून आणलेल्या छोट्या यंत्राला जोडल्या होत्या, आणि त्यातून एकसुरी गुणगुण यायला लागली होती. काकूंना ती ऐकू आली आणि बरं वाटलं. माळ्यावरचा मुका बोलायला लागला म्हणायचा.

काकांनी स्पीकर दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर त्याची पाठ काकूंकडे झाली, आणि त्या काळ्या दगडावर खिडकीतलं ऊन पडलं. दगडावर आडवी चिकटून, लखलखत, काकूंची सुई बसली होती. तिच्या नेढ्यातून निळा दोरा लोंबत होता.

सुई. दगडाला. चिकटलेली.

काकूंच्या हातातली चादर खाली पडली. हे सगळं कळायला लागला तेवढ्या वेळात काकांनी स्पीकर फिरवला आणि छातीला लावला. डावीकडे. रफूच्या जागी.

"अहो!" काकू किंचाळल्या. "अहो, ठेवा! ठेवा तो खाली!"

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. काकांची मानसुद्धा हलली नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

काकूंचा हात आपोआप बाहेरच्या खोलीच्या बटणावर गेला. दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. काकांनी मिटल्या डोळ्यांनीच तो ओळखला असावा, कारण त्यांनी एक बोट वर केलं. हे बोट काकूंना जन्मभर पाठ होतं. जेवायला चला म्हटलं की हे बोट, पाहुणे आलेत म्हटलं की हे बोट. थांब जरा, काम चाललंय.

पुन्हा तोच बोळ, तसंच बटण, तसाच दिवा, आणि काकू तशाच बटण दाबत उभ्या. मागून जाऊन धरावं, तर दचकतील. बहिऱ्या माणसाला मागून हात लावला की तो कसा उडतो, हे त्यांनी बघितलं होतं, एकदा चहाची किटली दोघांच्या पायावर सांडली होती. आणि या काळजाला दचकवायचं? पण न दचकवता उभं राहायचं, तर किती वेळ? मशीन बंद पडायला किती वेळ लागतो? ते कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई हातभर लांब ठेवा म्हणाल्या, जवळ आणलं तर काय होतं ते विचारायची काकूंची छातीच झाली नव्हती.

तेवढ्यात काकांचं वर केलेलं बोट हळूच खाली आलं. डोळे उघडले. त्यांचा चेहरा मागून अर्धाच दिसत होता, पण तो अर्धा चेहरा पांढरा पडत गेलेला काकूंनी पाहिला.

मग आपण कशा धावलो हे त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. टेबलाला वळसा घालून त्या काकांच्या समोर गेल्या, दोन्ही हातांनी स्पीकर हिसकला, तारा तुटल्या, गुणगुण बंद झाली, आणि पेटलेलं काहीतरी उचलून न्यावं तशा तो घेऊन बाथरूममध्ये गेल्या. रिकाम्या बादलीत टाकला, दार लावलं, बाहेरून कडी घातली. कडी घातली म्हणजे चुंबकाचा जोर बाहेर येणार नाही, असं त्या घटकेला त्यांना खरोखर वाटलं.

परत आल्या तेव्हा काका खुर्चीला टेकून बसले होते, तळवा छातीवर. काकू गुडघ्यांवर बसल्या आणि मनगट धरलं. पण त्यांची स्वतःचीच बोटं इतकी थरथरत होती, की ठोका काकांचा की आपला, कळेना. गळ्याशी बोटं नेली. तिथेही तेच. कान छातीला लावला तर स्वतःच्या कानातलाच गदारोळ.

"बरा आहे मी," काका म्हणाले. आवाज कोरडा. "आता बरा आहे. मघाशी... आत घोडा सुटल्यासारखं झालं. आता थांबला."

काकूंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घाईत सगळं उलटसुलट होत गेलं, म्हणून दोनदा सुरुवातीपासून सांगावं लागलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. चुंबक जवळ आला की मशीन आपलं एकाच ठरावीक वेगाने ठोके द्यायला लागतं, चुंबक दूर गेला की पुन्हा नेहमीसारखं होतं, म्हणाल्या. चक्कर येतेय? डोळ्यांपुढे अंधारी? नाही? मग पडून राहू द्या, संध्याकाळी घेऊन या, तपासून टाकू. आणि पुन्हा असलं काही करू नका.

"करू नका म्हणे," काकू फोन ठेवत म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला माहीत होतं! त्या दगडात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं!"

काकांनी ओठ वाचले. या वेळी दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

"होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू परत माळ्यावर ठेवला असतास."

यावर काकू जे बोलल्या ते जिन्यातल्या प्रत्येकाने ऐकलं, फक्त ज्याच्यासाठी होतं त्याला सगळं कळलं नाही, कारण त्या मध्येच रडत होत्या आणि रडताना ओठ वाचता येत नाहीत. आपण पोपट टाकला, जहाज टाकलं, कपाळाला टेंगूळ आणून घेतलं, आणि हा माणूस समोर बसून मिशीत हसतोय! मेला असता तर? आपल्या हाताने उतरवून दिलेल्या वस्तूने मेला असता तर?

"उजवीकडे लावणार होतो," काका पुटपुटले. "खरंच. काल रात्री ठरवलं होतं, उजवीकडे. हात आपला सवयीने डावीकडे गेला." ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "मलाही कळलं नाही. मीसुद्धा घाबरलो गं."

संध्याकाळी दवाखान्यात तपासणी झाली. मशीन ठणठणीत होतं. डॉक्टरीणबाईंनी काकांना चार शब्द सुनावले, ते काकांनी ऐकू येत नसल्याचा फायदा घेऊन सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा खिडकीपाशी. वर्तमानपत्र मांडीवर, नजर पोपड्यांवर. दुपार झाली तरी त्यांनी पान उलटलं नव्हतं. स्पीकर अजून बाथरूमच्या बादलीत होता, आणि काकू आंघोळीला जाताना त्याच्याकडे पाठ करून जायच्या. भंगारवाल्याला द्यावा असं त्यांनी मनाशी ठरवलं, पण सांगायचं कसं? त्या शब्द जुळवत समोर आल्या, तर काकाच म्हणाले, "टाकून दे तो."

एवढंच. रागाने नाही, रुसून नाही. मोडकी वस्तू टाक असं हा माणूस उभ्या आयुष्यात म्हणाला नव्हता. याने तुटक्या छत्र्या जपल्या, फुटक्या प्लगना औषधपाणी केलं. कालचं भय होतं ते धावत येऊन गेलं होतं. हे खुर्चीत बसलेलं होतं आणि जायचं नाव घेणार नव्हतं.

काकू आत गेल्या. मग बाथरूमची कडी काढली.

स्पीकर घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या, टेबलाच्या पार पलीकडे स्टूल ओढलं, काकांकडे पाठ होईल असं, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मान वळवून, ओठ दाखवत म्हणाल्या, "तारा जोडा. लांबून. मी लावते छातीला. काय ऐकायचं ते सांगा."

काका उठले. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी निमूटपणे लांब तार शोधली, जोडली आणि यंत्र सुरू केलं. काकूंनी स्पीकरची पाठ आपल्या छातीला लावली, तो गार काळा दगड, ज्याला आता त्या दगड म्हणू शकत नव्हत्या. सुई अजून तिथेच चिकटलेली होती, ती त्यांनी आधीच काढून पदरात खोचली होती. गुणगुण हाडांत शिरली. दात शिवशिवले.

"घासतंय का?" काकांनी विचारलं. "वाळूवर चप्पल घासावी तसं लागेल."

काकूंनी डोळे मिटले. वाळू नाही, चप्पल नाही. नुसती धडधड. गुणगुणीच्या वर, खाली, आरपार, फक्त धडधड. त्यांनी मान वळवून ओठ दाखवले. "मला नाही कळत. सगळं धडधडतंय."

मागे पावलं वाजली. काकूंनी घाबरून हात वर केला, "लांब! लांबच!" काका थांबले. मग त्यांनी हात पुरता ताणला, खांदा मागे ठेवून, आणि तळवा काकूंच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध टेकवला. कामाचा हात. खरखरीत, पण टेकला तो अगदी हलक्याने.

काका ऐकत राहिले. घसर ऐकायला त्यांना एक श्वास पुरायचा. या वेळी ते फार वेळ थांबले.

"अगं," शेवटी ते म्हणाले. "हे एवढं... हे असं कधीपासून चाललंय?"

काकूंची पाठ त्यांच्याकडे होती. तोंड भिंतीकडे. वळल्याशिवाय त्यांना काही कळणार नाही, हे काकूंना माहीत होतं. आणि कदाचित म्हणूनच त्या वळल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. कित्येक वर्षांत या माणसाशी बोलताना वापरला नव्हता अशा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून. मी दिवा लुकलुकवत होते. तुम्ही खाली पडला होतात आणि मी दिवा लुकलुकवत होते. शिव्या देत होते तुम्हाला."

पहाटेचं मनगट त्यांनी सांगितलं. बाथरूमबाहेरचा झाडू सांगितला. रात्री मध्येच नाकाशी हात धरून बघते तेही सांगितलं. सांगता सांगता त्यांना जाणवलं, की पाठीवरचा तळवा हलला नाहीये, पण बोटं जरा पसरली आहेत, कामात अवघड जागा आली की काकांची पसरायची तशी. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. पण आवाज हाडांतून त्या हातात उतरत होता, हे काकूंना कळलं, आणि लाज वाटून त्या एकदम गप्प झाल्या. खोलीत स्पीकरची गुणगुण तेवढी राहिली. स्वच्छ, कुठे न घासणारी.

"थांबू नकोस," मागून काका म्हणाले. "बोल."

काकूंनी पदराने नाक पुसलं, स्पीकर नीट धरला, आणि चहा गॅसवर ठेवला होता तिथपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.